अम्माला दाखवलेली कबर

मलाझ, रियाध
११ जानेवारी २०२४

शाहिद,

सलाम घे, आणि सही बघायच्या आधी अक्षर ओळखून कागद बाजूला सारू नकोस. हाताने लिहून, फोटो काढून सादियाच्या मेलवर पाठवतोय. पोरीला मराठी वाचता येत नाही, म्हणजे वाचलंस तर तूच वाचणार. तुझा नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि या वेळी मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जायचंय.

तुझ्या लेकीची मेल आली. तुला विचारून केली नसणार. तुमच्या त्या मॅसॅच्युसेट्सच्या गावात ती शाळेतर्फे जुन्या कबरींचे दगड घासायला जाते, चर्चची जुनी दप्तरं वाचते आणि गाव वसवणाऱ्या पहिल्या घराण्यांची वंशावळ जुळवते, असं लिहिलंय. सोबत एका दगडाचा फोटो. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची कुणी बाई. नाव, कुणाची बायको, वय किती वर्षं, किती महिने, सगळं कोरलेलं. शेजारी तिच्या तीन दिवसांच्या पोराचा चिमुकला दगड. त्या पोराचंही नाव आहे. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. तीन दिवस जगलेलं पोर सापडतंय बघ.

मग तिने विचारलंय, चाचा, आपल्या आजोबांचा जन्म कधीचा, ते कधी वारले, आणि कबर कुठे आहे? ते सौदीतच होते ना? तुम्हीही तिथेच आहात, तर एक फोटो पाठवाल का?

पाठवतो म्हणावं. बाप काय खिशात घेऊन फिरतो मी?

तू तिला काय सांगितलंयस ते मला माहीत नाही. बाबांची पत्रं थांबली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, तुला बाप म्हणजे फोटोतली मिशी. म्हणून तिला जे सांगायचं ते आधी तुलाच सांगतो, आणि तूच तुझ्या भाषेत तिला सांग. कमरुद्दीन मुकादम, पाण्याचा टँकर चालवायचे, राहायचे याच मलाझमध्ये, मी आता राहतो त्याच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. शेवटचं पत्र एक्याण्णवच्या, कुवेतच्या लढाईच्या हिवाळ्यातलं, त्यानंतर काही नाही. त्यांच्या खोलीवर राहणारे महाडचे इस्मतचाचा सांगतात, रियाधबाहेर खर्जच्या रस्त्यावर टँकर उलटला, दोन हिंदी माणसं एकाच दिवशी पुरली, त्यातले एक बाबा. पण चाचा स्वतः तेव्हा क्षेपणास्त्रांच्या भीतीने मदिनेला पळाले होते. त्यांना एका बंगाली ड्रायव्हरने सांगितलं. बंगाल्याला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. आणि मग काही वर्षांनी आपल्याच गावचा एक हाजी मदिनेहून परत आला आणि अम्माला म्हणाला, हॉटेलात ताटं नेणारा एक माणूस पाठीमागून अगदी कमरुद्दीन. हाक मारली तर वळला नाही. हाज्याने पुण्य कमावलं आणि आपल्या घराचं वाटोळं केलं. त्या पाठीवर अम्मा आजवर जगतेय.

आता खरं कारण. अम्माची मूत्रपिंडं चालत नाहीत. दापोलीचा डॉक्टर म्हणतो मुंबईला न्या, मशीनवर ठेवा. ती उठायला तयार नाही. आपल्या तिघा भावंडांत एकटी हफीजाबुबू दिवसरात्र तिच्यापाशी आहे, तुला कळवते का ते माहीत नाही. परवा अम्मा मला फोनवर म्हणाली, "सुफियान, मी तुझ्या बापाला अजून रडले नाय. जित्या माणसाला रडला तर त्याचा वाईट होता. मेल्याला नाय रडला तर त्याचा हक राहता. मी काय करू ते मला सांग. कबर दाखव, म्हणजे रडून मी मोकळी जाईन."

तुला हसू येईल. तुझं म्हणणं मला पाठ आहे, काझीकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा आणि विधवेसारखं चार महिने इद्दतीला बसायचं, प्रश्न मिटला. अरे, मौलवींनीही तेच सांगितलं होतं तिला, की आपण शाफई पंथाचे, खात्री होईतो बाई नवऱ्याचीच बायको, पण काझी निवाडा देऊ शकतो. ती म्हणाली, काझीने माझ्या नवऱ्याला बघितलंय का? आणि तू काय केलंस? सहा वर्षांपूर्वी आलास आणि तिला न विचारता मशिदीत बाबांच्या नावाने, मयताशिवाय, गायबाना जनाज्याची नमाज पढवलीस. ती दार लावून आत बसली ते तू जाईपर्यंत. हातातल्या हिरव्या बांगड्या दाराच्या फटीतून दाखवून म्हणाली, जिता पुरलात त्याला. तेव्हा मी तुला फोनवर जे बोललो ते बोललो. मागे घेत नाही.

मी शोधतोय. गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं शोधत होतो, आता जोर लावतोय. तुझ्याकडे बाबांच्या पासपोर्टच्या कागदांपैकी काही असेल तर पाठव. नसेल तर तेवढं तरी कळव.

सुफियान

-----

मलाझ
९ फेब्रुवारी

शाहिद,

तुझी एक ओळ मिळाली. "माझ्याकडे काही नाही, भाई." भाई लिहिलंस, बरं वाटलं. नाही ते नाही.

माझा धंदा तुला माहीत आहे. कंपनीच्या माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, व्हिसे, दाखले, सगळ्या कचेऱ्यांतून कागद फिरवणं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद शोधून देतोय. हरवलेल्या माणसाचा इकामा नंबर मी शिक्क्याच्या अर्ध्या गोलावरून काढलाय. मला वाटायचं, बापाचं काम म्हणजे हातचा मळ. आता हात टेकलेत.

वकिलातीत गेलो. तिथली बाई भली होती, जुन्या वह्या काढून दाखवल्या, त्या सालात मेलेल्यांच्या नोंदींत बाबा नाहीत. पण लढाईच्या दिवसांत नोंद न होता पुरलेले असू शकतात म्हणाली. असू शकतात, नसूही शकतात. बाबांना कामावर आणणाऱ्या जुन्या कफीलचा मुलगा सापडला, ओलायाला त्याचं ऑफिस आहे. आदराने बसवलं, गहवा, म्हणजे इथली कडू कॉफी दिली, खजूर दिले. म्हणाला, वडील वारले, तेव्हा मी शाळेत होतो, टँकरचा धंदा कधीच विकला, कामगारांचे कागद कुठे गेले अल्लाला ठाऊक. अपघाताची माणसं तेव्हा जिथे नेत त्या दवाखान्याची इमारत पाडून तिथे पार्किंग झालंय. पोलिसांत तीनदा गेलो. प्रत्येक जण प्रेमाने बोलतो रे, हेच वाईट. कुणी खेकसलं असतं तर निदान चिडता तरी आलं असतं.

मग कब्रस्तान. आमच्या ऑफिसातले राजाभाऊ, नाशिकचे, इंजिनीयर, त्यांनी आपली गाडी काढली. वाटेत सांगत होते, आमच्याकडे गंगेवर उपाध्यायांच्या बाडात सात पिढ्यांची नावं असतात, मी गेलो तर माझ्या खापरपणजोबांची सही दाखवली मला. मी म्हटलं, राजाभाऊ, तुमचं चांगलं आहे. ते ओशाळले. बिचारे आत आले नाहीत, गाडीत एसी लावून बसून राहिले.

शाहिद, तू हे कब्रस्तान पाहिलेलं नाहीस म्हणून सांगतो. भिंत, फाटक, आणि आत क्षितिजापर्यंत माती. वीतभर उंचीचे ढिगारे, डोक्याशी एक ओबडधोबड दगड. नाव नाही, साल नाही, चुन्याची रेघ नाही. इथे राजा असो की झाडूवाला, सगळ्यांना असंच. लिहिणं, बांधणं इथे मना आहे. धर्म म्हणून मला त्यात बोट ठेवायला जागा दिसत नाही. मेल्यावर सगळे सारखे, हे मी लहानपणापासून जुम्याच्या खुतब्यात ऐकलंय आणि मान हलवलीय. पण सगळे सारखे म्हणजे माझा बाप कोणता ते कळणार नाही, हे मान हलवताना कधी सुचलं नव्हतं.

फाटकावरच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, लढाईच्या वेळचे त्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या मागे, असं मी ऐकलंय. नक्की? तो हसला, म्हणाला, सगळ्यांसाठी दुआ कर, ज्याची त्याला पोचते.

टाकीच्या मागे गेलो. तिथे मी काय मूर्खपणा केला तो तुलाच सांगता येईल, राजाभाऊंना कळणार नाही. गेल्या सुट्टीत अम्माने माझ्या बॅगेत सब्जाच्या बियांची पुडी कोंबली होती. आपल्या गावात कबर म्हटली की सब्जा आलाच. मी एक ढिगारा निवडला. का तोच, विचारू नकोस, त्याच्या डोक्याचा दगड थोडा तांबूस होता, आपल्या जांभ्यासारखा. आजूबाजूला बघून बी टाकलं आणि पाण्याची बाटली ओतली. म्हातारा काठी टेकत धावत आला. तोंडाचा पट्टा सुरू. हे काय लावलंयस, कबरीची पूजा करतोस? शिकलेला दिसतोस. मी म्हटलं, चाचा, नुसतं झाड आहे. तो खाली बसला आणि बोटांनी चिमटीचिमटीने बी उचलून माझ्या हातावर परत ठेवलं. मग माझा चेहरा बघून नरमला. कोण तुझा, म्हणाला. मी म्हटलं, बाप. तो म्हणाला, हा? मी म्हटलं, माहीत नाही.

तो काठी टेकत उठला. माझ्यासोबत फाटकापर्यंत चालत आला आणि थंड पाण्याची बाटली दिली.

अम्माचं क्रिएटिनिन वाढलंय. हफीजाबुबू म्हणते पायाला सूज आहे. अम्मा रोज विचारते, सुफियानला मिळाली का.

सुफियान

-----

मलाझ
४ मार्च

शाहिद,

तुझं पत्र वाचलं. एवढं लांब पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस आणि त्यातली अर्धी पानं माझी समजूत घालण्यात गेलीत. मुद्दा दोन ओळींचा होता. "तिथे सगळ्या कबरी सारख्याच आहेत तर कुठलीही एक दाखव, भाई. तिला कोण सांगणार आहे?"

वाचून मी कागद भिरकावला. मग उचलला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, पहिला राग आला तो तू हे लिहिलंस म्हणून नाही, माझ्या डोक्यात ते आधीच आलं होतं म्हणून. त्या तांबूस दगडापाशी उभा असतानाच.

मी अम्माशी कधी खोटं बोललेलो नाही. तू बोलायचास, आठवतंय, आंबे तू पाडायचास आणि कबूल मी व्हायचो. ती म्हणायची, सुफियानला विचारा, तो खरा सांगेल. माझं सगळं लहानपण त्या एका वाक्याने नासवलं. पण पडलेली सवय पडली. इकडे आल्यावर नोकरी गेली तेव्हाही तिला नोकरी गेली असंच सांगितलं.

बुबूचा फोन आला की डॉक्टरने आता काही आठवडे म्हटलंय, रमजान निघेल असं धरू नका. मग मी काल गेलो. काल म्हणजे असरच्या नमाजानंतर, ऊन उतरल्यावर. तोच ढिगारा. म्हाताऱ्याला सलाम केला, त्याने ओळखलं, हात रिकामे आहेत ना ते बघून घेतलं. व्हिडिओ कॉल लावला. बुबूने फोन अम्माच्या तोंडासमोर धरला. किती लहान झालंय रे ते तोंड.

मी म्हटलं, अम्मा, मिळाली. हे बघ. आणि फोन फिरवून दाखवली.

ती बघत राहिली. बुबूच्या हुंदक्याचा आवाज आला, अम्माचा नाही. मग तिने विचारलं, "नाव कुठं हाय?"

मी म्हटलं, इथे नाव लिहीत नाहीत अम्मा, रिवाज नाही.

"मग तुला कुणी सांगितला?"

फाटकावरच्या चाचाने, मी म्हटलं. जुना माणूस आहे.

"तो तुझ्या बापाला वलखायचा?"

मी म्हटलं, त्याला ठाऊक असतं ना कोण कुठे आहे.

"बाजूची कुणाची?"

मी बाजूला बघितलं. खरंच बघितलं, मूर्खासारखा, जसं काही तिथे लिहिलेलं असेल. म्हटलं, ते नाही माहीत अम्मा.

"बाजूची म्हायत नाय," ती म्हणाली, "नि ही म्हायत हाय."

मला वाटलं आता शिव्या घालेल, देवाची शप्पथ मला त्या हव्या होत्या. पण ती म्हणाली, "बरा. घरी जा आता बाला. उन्हात नको उभा राहू." आणि बुबूला फोन बंद करायला सांगितलं.

ऊन कुठे होतं रे. उतरलं होतं.

तिने मानलं की नाही मला कळलं नाही. रडली नाही एवढं खरं. म्हणजे मानलं नसावं. तेव्हा तुझ्या युक्तीचं हे असं झालं, आणि तुझी म्हणून दोष देत नाही, हात माझाच होता. मी पुन्हा शोधायला लागतोय. आता तर खरी कबर सापडलीच पाहिजे, नाहीतर तिच्या आयुष्यात मी बोललेलं शेवटचं मोठं वाक्य खोटं राहील.

सादियाला म्हणावं, चाचा फोटो पाठवेल, अजून नाही.

सुफियान

-----

मलाझ
२३ मे

शाहिद,

अम्माने डॉक्टरला खोटं पाडलं. रमजान गेला, ईद गेली, ती आहे. बुबू म्हणते, सूज तशीच, पण जिवाला बरं वाटतंय, शांत झोपते, दोन घास जास्त खाते. डॉक्टरलाही नवल वाटलं म्हणे. मलाही. फक्त मला दिसत नाही. दोन महिने झाले, व्हिडिओ लागतच नाही, बुबू म्हणते गावात नेट नाही, टॉवरचं काही काम चाललंय. नुसता आवाज. अम्मा दोन वाक्यं बोलते, जेवलास का, तिची सून तबस्सुम पनवेलला बरी आहे का, माझ्या पोरांचा अभ्यास. कबरीचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. मला वाटतं ती वाट बघतेय, मी खरी आणतो का ते.

म्हणून मदिनेला गेलो. बाबा मेलेलेच असणार असं सतत धरून चालणं बरोबर नाही, त्या हाज्याची पाठही तपासायला हवी होती. बसने गेलो, नमाज पढलो आणि तीन दिवस हॉटेलं फिरलो. हॉटेलं कसली, तेव्हाची सगळी पाडून उंच टॉवर उभे राहिलेत. जुने वेटर विचारत फिरलो. एका हैदराबादी मॅनेजरने चहा पाजून विचारलं, वडलांचं वय आता किती असेल? मी हिशेब केला आणि म्हटलं, ब्याऐंशी. तो म्हणाला, भाईसाब, बयासी साल का वेटर? आणि लगेच माफी मागितली. मीच हसलो. नंतर बाहेर फूटपाथवर बसून राहिलो. इथे ब्याऐंशी वर्षांचे म्हातारे फिरतात रे, पाकिस्तानी, इंडोनेशियन, व्हीलचेअरवर, मुलाच्या खांद्यावर हात टाकून. प्रत्येकाचं तोंड बघत होतो. एकाने मला पैसे द्यायला हात पुढे केला, त्याला वाटलं मी मागतोय.

परत आलो तर कंपनीने नोटीस दिलीय की सुट्ट्या संपल्या. संपू देत.

मे महिना आहे, इकडची हवा म्हणजे उघड्या भट्टीचं तोंड. तरी शुक्रवारी कब्रस्तानात जातो. म्हातारा आता खुर्ची देतो. त्याच्या ओळखीचे पूर्वीचे कबर खणणारे एकेक करून मला भेटवतो. एक येमेनी म्हणाला, होय, लढाईत दोन हिंदी एकदम आले होते. मी ताठ उठून बसलो. कुठे पुरले, तर त्याने हाताने अर्धं मैदान दाखवलं. एक जाड, एक बारीक, म्हणाला. बाबा कसे होते शाहिद? मला विचारलं त्याने आणि मला सांगता येईना. मी सोळाचा होतो, मला ते नुसते मोठे वाटायचे.

तू एकदा अम्माशी बोल. तुला ती तोडून बोलणार नाही आता, आवाज मऊ झालाय तिचा.

सुफियान

-----

मलाझ
२५ ऑगस्ट

शाहिद,

तू आला नाहीस ते ठीकच. मी पोचलो तेव्हाही अम्माची मिट्टी होऊन गेली होती. मुंबईला विमान वेळेवर उतरलं पण घाटात दरड, आणि पावसात मयत ठेवता येत नाही. मला फक्त ओल्या मातीचा ढिगारा बघायला मिळाला. त्याच्या डोक्याशी जमातीच्या पोरांनी पाटी लावलीय, मेहनाज कमरुद्दीन मुकादम, तारीख, सगळं. शुद्ध अक्षरात.

फोनवर तू फक्त रडलास, म्हणून पुढचं लिहूनच कळवतो. हे मला बुबूने चौथ्या दिवशी, सगळे पाहुणे उठून गेल्यावर सांगितलं. तोवर तिने पोटात ठेवलं होतं, कारण अम्माने तिच्याकडून कुराणावर हात ठेवून वचन घेतलं होतं.

मी कबर दाखवली त्या संध्याकाळी अम्माने बुबूला साबण आणि पाणी आणायला सांगितलं. हाताला फेस लावला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत, काढल्या आणि रुमालात बांधून बुबूला दिल्या. बुबू घाबरली, म्हणाली, अम्मा, हे काय, तूच तर आत्ता भाईला बोलता बोलता पकडलंस, ती कबर कुणाची त्याला माहीत नाही. अम्मा म्हणाली, "सुफियान माझ्याशी कधी खोटा नाय बोलला. आज बोलला. म्हणजे आता शोधायला काय उरला नाय. बाप असता तर पोर असा बोलला नसता."

आणि मग ती रडली. बुबू म्हणते, असं रडणं तिने ऐकलं नव्हतं, शेजारच्या तुळसाबाई ओल्या हातांनी धावत आल्या, त्यांना वाटलं म्हातारी गेली. बाबांचं नाव घेऊन, त्यांना शिव्या देऊन, टँकर, सौदी, माझं नाव, तुझं नाव, सगळं धरून रडली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस पुरे केले. त्यानंतर पांढऱ्या ओढणीत बाहेर ओटीवर येऊन बसायची म्हणे, कोंबड्यांना दाणे टाकायची. डॉक्टरला नवल वाटलं होतं ना, ते हे.

आणि व्हिडिओ का लागत नव्हता ते तुला कळलंच असेल. गावात नेट उत्तम आहे. मोकळे हात मला दिसायला नकोत म्हणून.

बुबूला मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी उन्हात येमेन्यांच्या मागे फिरत होतो, मदिनेत म्हाताऱ्यांची तोंडं न्याहाळत होतो. ती म्हणाली, अम्मानेच सांगितलं, त्याला नको सांगू. तो शोधतोय तर शोधू दे, थांबला तर त्याला कळेल बाप गेला, आणि तिथे एकट्याने रडेल, कोण आहे त्याला तिथे.

तू खूश हो. तुझी युक्ती उलटी पडून का होईना लागू पडली. तू गायबाना नमाज पढवलीस ती मानली नाही, काझी मानला नाही, माझं खोटं मानलं. अम्माला जे हवं होतं ते मिळालं, आणि मी खरंच सांगतो, ते ऐकल्यावर पहिल्यांदा मलाही बरं वाटलं. बुबूच्या ओटीवर बसून मी पोटभर भात खाल्ला.

परत यायला विमानात बसलो, आणि तेव्हा कळलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून तुला लिहितोय, तुझ्याशिवाय कुणाला लिहू.

तिला वाटलं, मी खोटं बोललो म्हणजे मला कळलंय. शाहिद, मला काहीच कळलं नव्हतं. मी खोटं बोललो ते ती मरत होती म्हणून, डॉक्टरने काही आठवडे म्हटलं म्हणून, तू पत्र लिहिलंस म्हणून, मी दमलो होतो म्हणून. बाबा गेलेत असं मला कुणी सांगितलं नाही, कुठे दिसलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघून नवरा पुरला आणि माझ्या तोंडात काही नव्हतं.

शुक्रवारी कब्रस्तानात गेलो नाही. मदिनेलाही जाणार नाही. कुणासाठी जायचं? पण काल बत्ह्याच्या बाजारात एक म्हातारा समोरून पिशवी घेऊन येत होता, वाकलेला, मिशीवाला. मी वाट सोडून उभा राहिलो आणि तो पुढे निघून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. हाक मारली नाही. मारली असती आणि तो वळला असता, तर अम्माबद्दल त्याला मी काय सांगितलं असतं?

तुझा भाई
सुफियान